डॅझल: चमकतो दिवा, दिपतो डोळा

पुतणीनं परदेशातल्या एका विद्यापीठासाठी पानभर निबंध लिहिला आणि 'काका, फक्त इंग्रजी बघ, मजकुरात हात घालू नकोस' अशी ताकीद देऊन मला पाठवला. दुसऱ्याच ओळीत अडखळलो. 'आय ॲम डॅझलिंग बाय युवर कॅम्पस.' तिला म्हणायचं होतं, तुमचं आवार बघून मी भारावून गेले. झालं होतं असं की ना धड स्वतःची स्तुती, ना धड त्यांची.

विचारलं तर म्हणाली, 'मोबाइलवर अर्थ बघितला होता. डॅझल म्हणजे चमकणे.'

घोळ इथेच आहे. चमकणं हे वस्तूचं काम. चिंचेनं घासलेलं तांब्याचं घंगाळ चमकतं, रात्री चांदणी चमकते, पावसात धुऊन निघालेला डांबरी रस्ता चमकतो. बघायला कुणी नसलं तरी या गोष्टी चमकतच राहतात. डॅझलचं तसं नाही. तिथे बघणारा लागतो, कारण जे काही घडतं ते त्याच्या डोळ्यात घडतं. आणि यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, तोही आपण रोज वापरतो: दिपणे. दिवा चमकतो, डोळे दिपतात. डॅझल हे डोळ्यांचं क्रियापद आहे हे एकदा मनात बसलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर येतं.

खडकवासल्याहून रात्री दुचाकीवर परतताना धरणाच्या कडेच्या रस्त्यावर समोरून एखादी गाडी अप्पर मारत येते. दोन-तीन सेकंद पुढचा रस्ताच पुसला जातो. मधली पांढरी रेघ, खड्डा, कडेनं चालणारा माणूस, काही म्हणजे काही दिसत नाही. गंमत बघा, अंधार कुठेच नसतो. उजेड तर हवा त्याच्या शंभरपट असतो. उजेडामुळे न दिसणं, हा डॅझलचा पहिला आणि खरा अर्थ.

डोळ्यात नेमकं काय होतं? अंधारात आपली बाहुली चांगली मोठी झालेली असते, तरुण डोळ्यात सात-आठ मिलिमीटरपर्यंत. समोरचा झोत आला की ती झटकन आकसते, पण तोवर भरपूर उजेड आत शिरलेला असतो. हा उजेड डोळ्यातल्या भिंगातून जाताना थोडा विखुरतो आणि मागच्या पडद्यावर सगळीकडे पांढुरकी साय धरल्यासारखा पसरतो. पदार्थ तिथेच असतो, वर साय आलेली असते. शिवाय अंधूक उजेडात काम करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यातलं रंगद्रव्य प्रखर उजेडात विरून जातं आणि ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. पूर्ण अंधाराला डोळा सरावायला अर्धा तास लागू शकतो, तो याचमुळे. वय वाढलं की भिंग गढूळ होतं, विखुरणं वाढतं. माझी आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी म्हणायची, 'रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला झालर लागलीय.' तिला उजेड कमी पडत नव्हता, सोसवत नव्हता.

आता शब्दाच्या मुळाकडे जाऊ, कारण तिथे एक मजा दडलेली आहे. डॅझल हे डेझ या शब्दाचं पिल्लू. डेझ म्हणजे माणूस बधिर होणं, भांबावणं, गरगरल्यासारखं होणं. डोक्याला मार बसल्यावर जी अवस्था होते ती. आणि हा डेझ आला स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून, जिथे त्याचा अर्थ होता थकणं, दमून जाणं. म्हणजे डॅझलच्या मुळाशी प्रकाश नाहीच! तिथे आहे तो दमलेला माणूस. प्रकाश पुढे कधीतरी येऊन चिकटला.

मराठी दिपणेचा प्रवास बरोबर उलट्या टोकाकडून झाला. संस्कृतातला दीप् हा धातू म्हणजे उजळणं, पेटणं. दीप, दीप्ती, उद्दीपन, दिवाळीतली दीपावली, सगळे एका घरचे. आपण दिव्यापासून निघालो आणि डोळ्यापाशी पोहोचलो. इंग्रजी थकव्यापासून निघाली आणि तीही डोळ्यापाशी पोहोचली. मला तरी भाषांच्या अभ्यासात अशी चुकामूक न होता झालेली भेट फार आवडते.

बरं, डेझचा डॅझल झाला कसा? इंग्रजीत काही क्रियापदांच्या शेवटी 'ल'चं शेपूट लागलं की तीच क्रिया पुन्हा पुन्हा, बारीक बारीक झटक्यांनी होतेय असा भाव येतो. स्पार्क म्हणजे ठिणगी, स्पार्कल म्हणजे ठिणग्यांसारखं लुकलुकत राहणं. क्रॅक म्हणजे एकदाच कडकन मोडणं, क्रॅकल म्हणजे शेकोटीसारखं तडतडणं. वेड म्हणजे पाण्यातून पाय ओढत चालणं, वॉडल म्हणजे बदकासारखं डुलत डुलत चालणं. इंग्रजी जे शेपूट लावून साधते तेच मराठी शब्द दोनदा उच्चारून साधते. लखलख, चमचम, झगझग, लुकलुक, तडतड. त्या हिशेबानं डॅझलचं शब्दशः मराठी करायचं तर 'गरगर'च्या जवळपास जाईल. दिव्याकडे बघून डोळ्यांना आलेली गरगर.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागला तेव्हा तो आपल्या दिपणेसारखाच वागायचा. डोळे डॅझल व्हायचे, कुणी त्यांना डॅझल करावं लागत नसे. शेक्सपिअरच्या 'हेन्री द सिक्स्थ'च्या तिसऱ्या भागात एडवर्ड आकाशाकडे बघून विचारतो की माझे डोळे डॅझल होताहेत की मला खरोखर तीन सूर्य दिसताहेत? (दिसत होते खरोखर. १४६१ साली मॉर्टिमर्स क्रॉसच्या लढाईच्या वेळचा तो प्रसंग. हवेतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य उमटतात, थंड प्रदेशात आजही.) पुढे हे रूप मागे पडलं आणि प्रकाश कर्ता झाला, डोळे कर्म. आजच्या इंग्रजीत 'माय आइज डॅझल' असं म्हटलं तर ऐकणारा नाटकाच्या तिकिटाचे पैसे देईल. आज म्हणायचं ते 'द लाइट डॅझल्ड मी' किंवा 'आय वॉज डॅझल्ड बाय द लाइट'. मराठीनं मात्र दोन्ही ठेवलं: डोळे दिपतात आणि प्रकाश डोळे दिपवतो. एका 'व'नं काम भागतं.

पुतणीची चूक याच 'व'ची. डॅझलिंग म्हणजे दिपवणारा, डॅझल्ड म्हणजे दिपलेला. बोअरिंग आणि बोअर्डचा जो गोंधळ वर्गावर्गात चालतो, 'सर, आय ॲम बोअरिंग', तोच हा. दिपवणाऱ्या गोष्टीला डॅझलिंग, दिपलेल्या माणसाला डॅझल्ड, आणि कशामुळे दिपला ते सांगायला बाय. दुसऱ्याला कशानं तरी दिपवायचं असेल तर विथ: हिंजवडीतल्या एखाद्या मीटिंगमध्ये साहेब सांगतात 'डॅझल द क्लायंट विथ द डेमो', ते हे. उच्चाराबद्दल एवढंच की मधला आवाज 'माझा'मधल्या झच्या जवळचा आहे, 'माझी'मधल्या नव्हे. फक्त श्वासाचा जोर काढून टाकायचा.

याच्या शेजारी राहणारा शब्द म्हणजे ग्लेअर, आणि दोघांची गल्लत नेहमीची. दुपारी खिडकीत बसलेल्या माणसाला आपण म्हणतो, 'उजेड डोळ्यावर येतोय का? पडदा ओढू?' हा डोळ्यावर येणारा उजेड म्हणजे ग्लेअर. चष्म्याच्या दुकानात अँटी-ग्लेअर काचा मिळतात त्यातला. प्रकाशयोजनेच्या शास्त्रात ग्लेअरचे दोन प्रकार मानतात. एक नुसता त्रास देतो, दुसरा बघूच देत नाही. दुसरा प्रकार डॅझलच्या दारात उभा आहे. फरक असा की ग्लेअरचं कुणी कौतुक करत नाही. तो नकोसाच असतो. एवढंच नाही, तर ग्लेअरचा दुसरा अर्थ आहे डोळे वटारून बघणं. शाळेतल्या बाईंनी चष्म्यावरून टाकलेली नजर म्हणजे ग्लेअर. उजेड डोळ्यांत येतो तोही ग्लेअर आणि डोळ्यांतून बाहेर पडतो तोही. मराठीनं इथे दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवले, बरं केलं.

बाकी ग्लिटर, ग्लीम, ग्लो ही मंडळी निरुपद्रवी. जरीच्या काठाचं, पितळी समईचं, निखाऱ्याचं तेज त्यांच्याकडे. कुणालाही डोळे मिटायला लावण्याची ताकद त्यांच्यात नाही. ब्रिलियंटबद्दल मात्र थांबायला हवं. तो फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे बहुधा बेरिल नावाचं रत्न आहे असं मानलं जातं. बेरिल आलं ग्रीकमधून, आणि ग्रीकांनी ते नाव घेतलं आपल्याकडून. संस्कृतातलं वैडूर्य, प्राकृतातलं वेरुलिय. जर्मन लोक चष्म्याला ब्रिले म्हणतात तेही याच रत्नावरून. तेव्हा परीक्षेत 'ब्रिलियंट' शेरा मिळाला तर अर्धा वाटा आपला समजायला हरकत नाही.

आता रस्त्यावर परत येऊ, कारण डॅझल हा शब्द आपल्या कायद्यातही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ क्रमांकाचा नियम सांगतो की गाडीच्या पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा. इतका, की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस डॅझल होता कामा नये. १.५ मीटर म्हणजे साधारण पाच फूट. रस्त्यावर उभ्या तुमच्याआमच्या डोळ्यांची उंची. ब्रिटनच्या रस्त्याच्या नियमपुस्तकातही समोरच्याला डॅझल करू नका असंच लिहिलंय. एका शब्दाचा इतका नेमका, मोजपट्टी लावून केलेला अर्थ क्वचितच सापडतो.

लहानपणी पाहिलेले ट्रक, एसटी आठवतात का? पुढच्या दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासलेला असायचा किंवा मध्यभागी काळा ठिपका. ती याच नियमाची गावठी, पण प्रामाणिक अंमलबजावणी होती. आणि मागे लिहिलेलं असायचं 'यूज डिपर ॲट नाइट'. आमच्या ओळखीचे एक ड्रायव्हरकाका फार विश्वासानं सांगायचे, 'डिपर म्हणजे डोळे दिपवतो तो.' ऐकायला चपखल. पण खरं बरोबर उलट. इंग्रजी डिप म्हणजे खाली करणं. झोत खाली केला की तो डिपर, म्हणजे न दिपवणारा. गंमत अशी की आपल्याकडे अप्पर-डिपर चमकावून 'मी येतोय, बाजूला हो' असं सांगायची पद्धत पडली, त्यामुळे काकांची व्युत्पत्ती चुकीची असली तरी निरीक्षण अचूक होतं.

शब्दाचा दुसरा जन्म अलंकारिक अर्थात झाला, सोळाव्या शतकातच. बुद्धी, सौंदर्य, संपत्ती, वक्तृत्व यांनी माणूस भारावला की तोही डॅझल्ड. इथे भाषांतर करणाऱ्याची परीक्षा असते, कारण प्रत्येक डॅझलिंगला 'दिपवणारा' म्हटलं की मराठी लंगडते. डॅझलिंग स्माइलला 'डोळे दिपवणारं हसू' म्हटलं तर माणसाच्या तोंडात ट्यूबलाइट बसवल्यासारखं वाटतं; तिथे 'मोहक' किंवा 'लोभस' बरं. सीमारेषेवर घेतलेला डॅझलिंग कॅच मराठीत अफलातून झेल होतो. डॅझलिंग व्हाइट म्हणजे पांढराशुभ्र. एप्रिलमधल्या दुपारच्या उन्हाला कुणी डॅझलिंग म्हटलं असेल तर आपल्याकडे 'रणरणतं' आहे, त्यात उजेड आणि ताप दोन्ही येतात. पण संपत्तीच्या थाटाबद्दल लिहिलं असेल तर 'दिपून गेले' याला तोड नाही.

का नाही? कारण दिपलेल्या माणसाला नीट दिसत नाही, हा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. 'शी वॉज डॅझल्ड बाय द ऑफर' या वाक्यात पगाराचा आकडा बघून तिनं अटी वाचल्या नाहीत, अशी बारीकशी शंका असते. 'शी वॉज इम्प्रेस्ड' म्हटलं तर ती शंका नाहीशी होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जन्मलेला रॅझल-डॅझल हा शब्द तर उघडच भपका आहे, गिऱ्हाइकाचं लक्ष दुसरीकडे वळवणारा. आपल्याकडे भपका आणि झगमगाट या शब्दांतही नाक मुरडलेलं असतंच.

पण एक शब्द मात्र आपण पार बोथट करून टाकलाय. नेत्रदीपक. पुण्यात निकालाच्या मोसमात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, 'दहावीत नेत्रदीपक यश', आणि खाली बासष्ट टक्के. अभिनंदन आहेच, पण कुणाचे डोळे दिपले? वर्तमानपत्रांत तर कवायत नेत्रदीपक, फटाके नेत्रदीपक, बागेतली फुलंही नेत्रदीपक. नुसतं सुंदर असं म्हणायचं धाडस उरलं नाही. माझं मत विचाराल तर फटाक्यांना द्यावा, फुलांना देऊ नये. फुलं बघताना कुणी डोळ्यांवर हात धरत नाही.

प्रकाशाशिवायचं डॅझल पाहायचं असेल तर पहिल्या महायुद्धात जावं लागेल. १९१७ साली जर्मन पाणबुड्या ब्रिटनची व्यापारी जहाजं धडाधड बुडवत होत्या. समुद्रात जहाज लपवणं अशक्य, आकाश आणि पाणी क्षणाक्षणाला रंग बदलतात. नॉर्मन विल्किन्सन नावाचा चित्रकार, जो नौदलात अधिकारीही होता, त्यानं वेगळाच उपाय सुचवला. लपवू नका, गोंधळवा. जहाजांवर काळे, पांढरे, निळे पट्टे, तुटक कोन, उलटसुलट नागमोडी आकार रंगवले गेले. पाणबुडीतल्या माणसाला पाणतीर सोडण्याआधी जहाज कोणत्या दिशेला, किती वेगानं चाललंय याचा अंदाज घेऊन नेम पुढे धरावा लागे. या पट्ट्यांमुळे नाळ कुठली, शेपटी कुठली हेच कळेना. अशी दोन हजारांहून जास्त जहाजं रंगली आणि या पद्धतीला नाव पडलं डॅझल. यामुळे नेमकी किती जहाजं वाचली हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पण शब्दाच्या बाजूनं पाहिलं तर ही घरवापसीच आहे: प्रकाश गळून पडला, भांबावणं तेवढं उरलं, जसं ते डेझमध्ये होतं. झेब्र्यांच्या कळपाला इंग्रजीत 'अ डॅझल ऑफ झेब्राज' म्हणतात. त्या पट्ट्यांच्या गर्दीत एक झेब्रा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते तुम्हीच बघा.

एक काळजी घ्यायची. डॅझल तात्पुरतं असतं. गाडी निघून गेली की रस्ता परत दिसतो. विसर्जन मिरवणुकांमधल्या लेझर झोतांबद्दल बोलताना हा शब्द अपुरा पडतो, कारण लेझर थेट डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी त्यावर बंदी घातली ती रोषणाई फार झाली म्हणून नव्हे. तिथे 'डोळे दिपले' म्हणणं म्हणजे भाजलेल्या हाताला ऊब लागली म्हणण्यासारखं.

हे सगळं मी पुतणीला एवढ्या विस्तारानं सांगितलं नाही. चहा होईपर्यंत जितकं झालं तितकं. दिपवणारा आणि दिपलेला हा फरक तिला पटकन कळला. मग मीच विचारलं, 'पण तू ते आवार पाहिलंयस कधी?'

'नाही. फोटो पाहिलेत.'

'फोटो बघून डोळे दिपले?'

ती हसली आणि लॅपटॉप ओढून घेतला. त्या ओळीत आता डॅझलिंग नाही, डॅझल्डही नाही. तिथे लिहिलंय की त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचे अतिसूक्ष्म स्पंद मोजणारं एक यंत्र आहे आणि तिला ते स्वतः चालवून बघायचंय. यंत्राच्या नावाचं स्पेलिंग तिनं दोनदा तपासलं.